चंद्रभानचा पाचवा प्रश्न

हातगाड्यावर माप होतं, तरी चंद्रभान फुटाणे मुठीनंच द्यायचा. दिल्यावर एक दाणा स्वतःच्या तोंडात टाकायचा. टोपी उन्हात काढायचा आणि सावलीत घालायचा. एसटी लागली की उतरणाऱ्यांच्या तोंडाकडं नाही, पायांकडं बघायचा. आणि कुणी गाडीची वेळ विचारली, की आधी उलट विचारायचा. कोणतं गाव, कोणाकडं, काय काम, फोन करून निघालाव का, आणि तुमी त्यांचे कोण. चौकशीची खिडकी बहुतेक बंदच असे. त्यामुळं पालमच्या स्टँडवर हे पाच प्रश्न झाल्याशिवाय वेळ कळायची नाही.

या सवयी निकितानं वहीत टिपून ठेवल्या होत्या. निकिता पालमचीच. मराठीत एम.ए. केलेली. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून मोबाइलवरच्या खेळाचे संवाद लिहायची. खेळ विनोदी होता. एका तालुक्याच्या गावात वरातीचा घोडा चोरीला जातो आणि एक गुप्तहेर माणसामाणसाला विचारत फिरतो. गुप्तहेर पुण्याचे लोक लिहीत होते. निकिताच्या वाट्याला गावातली तऱ्हेवाईक माणसं आली. तिनं चंद्रभानला विचारून त्याला खेळात घेतलं.

"घे की माय," तो म्हणाला. "फुटाणे तेवढे चांगले दाखव."

तिनं मन लावून लिहिलं. दिवाळी झाली की पालमकडची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. टोळ्यांचे ट्रक स्टँडसमोर थांबतात आणि माणसं वाटेसाठी फुटाणे घेतात. कोणत्या गावात कोणाच्या दाराला कुलूप आहे, हे चंद्रभानला तलाठ्याच्या आधी कळतं. निकिताच्या खेळात गुप्तहेर पाचही प्रश्नांची उत्तरं द्यायचा. मग चंद्रभान त्याला एका बंद घराचा पत्ता सांगायचा. घोडा त्याच घराच्या मागं बांधलेला असायचा.

खेळ बाहेर आला त्या सकाळी निकिता मोबाइल घेऊन धावतच स्टँडवर गेली. आधी स्वतः शेवटपर्यंत खेळून बघायचाही धीर तिला नव्हता. ड्रायव्हर, कंडक्टर, पेपरवाला, सगळे गाड्याभोवती जमले. पडद्यावर टोपीवाला फुटाणेवाला आला. हुबेहूब. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा. लोक खूश झाले. पाचवा प्रश्न झाला आणि पडद्यावरचा चंद्रभान पुन्हा पहिल्यावर आला. कोणतं गाव? निकितानं दुसरी उत्तरं निवडून पाहिली. पुन्हा कोणतं गाव. खाली एक बटण उगवलं, 'पुरे काका'. ते दाबलं की गुप्तहेर त्याच्या तोंडात मूठभर फुटाणे कोंबायचा.

हसून हसून कंडक्टरला ठसका लागला.

चंद्रभान वाट पाहत होता. "पुढं मी सांगतो न्हवं?"

निकितानं पुन्हा बटणं दाबली. पुढं काही नव्हतं.

"मी इचारतो ते दाखवलंस," तो म्हणाला. "सांगतो ते न्हाई दाखवलंस."

तिनं तिथूनच कंपनीतल्या हरिओमला फोन लावला. हरिओम शांत होता. पत्ता शोधायचं काम गुप्तहेराला दिलं, म्हणाला. फुटाणेवाल्यानं कोडं सोडवलं तर नायक काय करणार? पण प्रश्न भन्नाट होते, ते ठेवले. लोकांना हाच माणूस सगळ्यात जास्त आवडतोय.

"अर्धा माणूस कापून उरलेल्या अर्ध्याला हसताय तुम्ही," निकिता म्हणाली. "उत्तर काढलं तर प्रश्नही काढा."

तो म्हणाला, हे सहायक पात्र आहे, एवढं मनावर घेऊ नये.

ते मनावर कुणी घ्यायचं, हे पुण्यात ठरत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं गाड्याशी यायची आणि स्वतःच म्हणायची, कोणतं गाव काका? कंडक्टर लांबूनच ओरडायचा, पुरे काका. पाथरीहून आलेल्या एकानं तर फुटाणे विकत घेऊन चंद्रभानच्या तोंडाशी मूठ नेली. चंद्रभाननं विचारणं सोडून दिलं. वेळ विचारली की वेळ सांगायची. बस.

पंधरा दिवसांनी जिंतूरहून सरजाबाई उतरल्या. लेकीकडं, दैवशालाकडं निघाल्या होत्या. सोबत लाडवांचा डबा. त्यांनी लेकीच्या गावची गाडी विचारली. चंद्रभाननं सांगितली, सव्वाबाराची. सरजाबाई जरा थांबल्या, तो आणखी काही विचारील म्हणून. तो दुसरीकडं बघत राहिला.

दैवशाला आणि तिचा नवरा आठ दिवसांपूर्वीच टोळीत गेले होते. त्यांना जाताना फुटाणे चंद्रभाननंच दिले होते.

सरजाबाई बंद दाराशी उन्हात बसून चारच्या गाडीनं परत आल्या. निकिता तेव्हा गाड्यापाशीच होती. बाईंनी डबा फळीवर आपटला.

"लोकं हसतेत म्हणून तू गप बसलास व्हय रं? माझी लेक कुठं हाय ते तुला ठावं होतं. मला न्हवतं."

दैवशाला कोणत्या कारखान्याला गेलीय ते चंद्रभाननं सांगितलं, टोळीच्या मुकादमाचा नंबर कागदावर लिहून दिला आणि बाईंना जिंतूरच्या गाडीत बसवून आला. निकिताला वाटलं, बाईंनी आपल्याला बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक पत्रा आणला. त्यावर रंगानं गावांची नावं लिहायला घेतली. प्रत्येक गावासमोर, कुलूप असलेल्या घरांची नावं लिहायची. म्हणजे कुणाला विचारायला नको आणि कुणी हसायला नको. अक्षर त्याचं वळणदार होतं. निकिता रंगाचा डबा धरून उभी राहिली. तीन गावं झाली. पहिल्या गावासमोर त्यानं ब्रश टेकवला आणि तसाच थांबला.

"कोणाच्या घरात कोणीच न्हाई, ते चव्हाट्यावर लिहू का मी?" तो म्हणाला. "म्हणून तर इचारायचो, तुमी त्यांचे कोण."

निकिताचे कान तापले. पाचवा प्रश्न तिनंही वहीत भोचकपणा म्हणूनच टिपला होता.

पत्रा अजून गाड्याला टेकवून ठेवलेला आहे. तीन गावं, आणि त्यांच्यासमोर मोकळी जागा.