उंदीर असलेलं घर शोधणारे सुभेदारमामा

आमच्या सुभेदारमामांना रणगाड्याची भीती नव्हती. लिबियाच्या वाळूत एक रणगाडा त्यांच्या अंगावर चालून आला आणि त्यांच्या मिशा पाहून माघारी वळला, असं ते सांगत. मी सांगतो तेव्हा रणगाडे तीन असतात. पण ज्या घरात उंदीर नाही, त्या घराच्या उंबऱ्यावर या माणसाचे पाय लटपटायचे.

कारण हसण्यासारखं नव्हतं. प्लेग येतो तो आधी उंदरांना. उंदीर मरून पडू लागले की मग माणसांची पाळी. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात सुगीच्या गडबडीत पडलेल्या उंदरांकडे कुणी पाहिलं नाही, आणि त्यांच्या लेकीचं, सोनाचं, पहिलं पोर काखेत गाठ येऊन दोन दिवसांत गेलं. आता सोनाला पुन्हा दिवस गेले होते आणि जावई बर्माच्या लढाईवर होता. सांगलीत मी ज्या हळदीच्या पेढीवर कारकून होतो, तिथंच मामांना गोदामाची राखण मिळाली. लेकीला कुठं ठेवायचं, एवढा एकच घोर त्यांना लागला.

सांगलीहून मिरजेला एक छोटी गाडी जायची. एका गाभण म्हशीनं तिला मागं टाकलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्या गाडीच्या वाटेवर जिथं जिथं घर मिळेल तिथं मामांना मरण दिसायचं. "मिरजंत मोठा दवाखाना हाय," ते म्हणत, "म्हंजे साऱ्या मुलखाची दुखणी तितंच उतरत्यात." विश्रामबागेला नुसता माळ, अवघडलेल्या बाईला तिथं सुईण कुठून आणायची? आणि सांगलीत गूळ, शेंगा, हळद. उंदरांचा दरबारच, प्लेग आधी तिथंच यायचा; पण घरात उंदीर असले तर निदान वर्दी तरी देतील, असा मामांचा हिशेब.

दर रविवारी आम्ही घरं बघत हिंडायचो. मामा मोरी बघत नसत, पाणी विचारत नसत. आढ्याकडे मान करून, श्वास धरून नुसतं ऐकत. मिरजेत एका घरमालकानं छाती पुढं काढून सांगितलं, की आमच्याकडे औषधालासुद्धा उंदीर सापडायचा नाही. मामा चुन्यासारखे पांढरे पडले आणि माझं मनगट धरून थेट स्टेशनापर्यंत पळाले. "हुते ते गेले कुठं, ह्ये त्यो सांगत न्हाई," गाडी सुटेपर्यंत हेच चाललं होतं. हसता हसता माझ्याही अंगावर काटा आला.

अखेर सांगलीत गुळाच्या वखारीमागं गोदाक्का नावाच्या म्हातारीचं घर पसंत पडलं. तिथले उंदीर असे, की मांजर कंटाळून माहेरी गेलं होतं. सोना रडकुंडीला आली. म्हणाली, "आबा, मानसं बिनउंदराचं घर बघत्यात." मामा म्हणाले, "ही पळत्यात तवर आपुन जित्ती हाय, बाई." रोज निजताना ते आढ्याखाली मूठभर जोंधळे टाकत. सकाळी दाणा उरला नाही की मगच चहा पीत.

एका सकाळी जोंधळे तसेच होते.

मामांनी चहा मोरीत ओतला. गल्लीत दारोदार जाऊन, घरं सोडा म्हणून सांगितलं. उंदरांनी एकादस धरली असंल, असं वखारीतला हमाल म्हणाला आणि गल्ली खदखदली. त्याच गल्लीत राहणारा मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. या घरात मी नवरी होऊन आले, आता उंदराच्या भ्यानं जाऊ का, असं गोदाक्कानं त्यांना सुनावलं. मामांनी त्याच दुपारच्या गाडीनं सोनाला विश्रामबागेच्या माळावर नेलं, रुळांपासून हाकेच्या अंतरावर खोप घातली आणि शेजारच्या वाडीतली सुईण सांगून ठेवली.

तिसऱ्या दिवशी गल्लीत पहिला उंदीर पडला. दिवस मावळायच्या आत सगळी गल्ली माळावर आली. माझी खोप मी मामांच्या खोपीला चिकटूनच घातली. फक्त गोदाक्का आली नाही. तिला ताप भरल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं आणि तिच्या दाराकडे जायला माणूस उठेना. मीही उठलो नाही.

मामा उठले. पाय लटपटत होते. सगळ्यांना दिसत होते. "भाच्या, सोनाकडं बग," एवढं म्हणून ते गेले. म्हातारीला पाठुंगळी घेऊन बाहेर काढली, बैलगाडीत घालून मिरजेच्या दवाखान्यात पोचवली. मग माळावर परतले ते खोपीकडे आले नाहीत. रुळांच्या पलीकडं बाभळीखाली घोंगडं अंथरून राहिले. भाकरी मी रुळावर ठेवायची, मागं व्हायचं, मग ते येऊन उचलणार. चौथ्या दिवशी भाकरी रुळावरच राहिली. काखेत पुन्हा पुन्हा हात घालून ते चाचपत होते, ते मला लांबून दिसलं.

त्याच सकाळी सोना बाळंत झाली. पोर फडक्यात गुंडाळून मी रुळांपर्यंत धावलो आणि मुलगी झाल्याचं ओरडून सांगितलं.

"रडती का?" मामांनी विचारलं.

ती रडतच होती. त्यांना नीट दिसावी म्हणून मी तिला उंच धरली. मामा बाभळीला धरून उठले, दोन पावलं पुढं आले. मग थांबले, आणि मोजून चार पावलं मागं गेले.