तळपायाची तीट

मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवतो, पण घरातला माझा खरा धंदा मध्यस्थीचा. लेक झाली तेव्हा आई रेणापूरहून सुरम्याची डबी घेऊनच आली. माहूरच्या यात्रेत घेतलेला तो काळाभोर सुरमा ती वर्षानुवर्षं डोळ्यांत घालत आलेली. आता नातीच्याही घालणार होती. बायको म्हणाली, एक कण घालू देणार नाही, यात शिसं असतं असं डॉक्टरांनी बजावलंय. आई म्हणाली, लेकराला नजर लागली तर ती काय डॉक्टर उतरवणार?

मी तोडगा काढला. डोळ्यांत नाही, गालावर नाही, तळपायाला एक तीट, बस्स. साप मरावा आणि काठीही मोडू नये. दोघींनी मान डोलावली आणि पुढचे पाच महिने मी स्वतःवर भलताच खूश होतो.

सहाव्या महिन्यात एका दुपारी पाळण्यात डोकावलो, तर लेक पाय तोंडाशी ओढून चोखण्यात दंग होती. ओठ काळे, हनुवटी काळी, आणि मला बघून हसली. डोळे वाचवण्याच्या नादात मी ते विष थेट तिच्या तोंडाशी नेऊन ठेवलं होतं. पाळण्यातली लेकरं पाय तोंडात घालतात हे कळायला काही विज्ञान लागत नव्हतं.

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. शिसं पोटात गेलं की वाढत्या मेंदूला बाधतं आणि वरून काहीच दिसत नाही, असं त्यांनी सांगितलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी फार वाईट काढले. आकडा थोडा वाढलेला निघाला. सुरमा बंद करा, काही आठवड्यांनी पुन्हा तपासू, असं ठरलं. पुन्हा तपासलं तेव्हा तो उतरला होता. मी येताना किलोभर जिलेबी आणली आणि निम्मी मीच खाल्ली.

जिलेबी खाताना माझं आईकडे लक्ष गेलं. तिच्या डोळ्यांत सुरमा नव्हता. किती दिवसांपासून नव्हता, कोण जाणे.

"तुला कोणी बंद कर म्हणलं?" मी विचारलं.

"कडेवर घेतलं की डोळ्यालाच हात घालती बाबा," आई म्हणाली. "अन् मंग बोटं तोंडात."

हे ना मला सुचलं होतं, ना बायकोला. आईचे नुसते डोळे मी पहिल्यांदाच पाहत होतो. थोडे लहान वाटले, आणि अगदी लेकीसारखे. मला फार बरं वाटलं.

दृष्ट आई आता मीठ-मोहऱ्या ओवाळून काढते. त्या संध्याकाळी ती काढून झाल्यावर लेकीनं आजीच्या पापण्या चाचपल्या आणि बोटं तोंडात घातली. आम्ही तिघांनीही तिला ती घालू दिली.