रस्त्यापलीकडची अंगणवाडी

आमचं गाव बदनापूरच्या अलीकडं. गावाच्या मधून चौपदरी रस्ता गेला आणि आमची वस्ती एका बाजूला, बाकी सगळं गाव दुसऱ्या बाजूला पडलं. वस्तीतल्या अंगणवाडीची मी सेविका. एका घराची पुढची खोली भाड्यानं घेतलेली. वरून भाडं वेळेवर येत नसे, पण पोरं भरपूर होती.

एक दिवस पर्यवेक्षिका मॅडम कागद घेऊन आल्या.

"पलीकडची सेविका निवृत्त झालीय, दोन्ही अंगणवाड्या एक करायच्यात. पलीकडं नवी इमारत झालीय, नळ आहे, भिंतीवर चित्रं आहेत. तुमची पोरं तिथंच बसवा."

"मॅडम, मधी रस्ता हाय."

"दीडशे पावलांचं तर अंतर. पालकांची हरकत नाही, असं लिहून द्या."

पालकांना मी विचारलंच नव्हतं. तरी लिहून दिलं, सही केली. नळाची खोली मलाही हवी होती, खोटं कशाला सांगू?

पहिले काही दिवस मी आणि मदतनीस बाई पोरांना जुन्या साडीला धरून पलीकडं न्यायचो. साडीचं एक टोक माझ्या हाती, दुसरं तिच्या, मधे पोरं. जालन्याच्या कारखान्यांतून सळया भरलेले ट्रक यायचे. सळया मागं हातभर बाहेर, टोकाला लाल फडकं. ट्रक गेला की पायाखालचा रस्ता हलायचा. पोरं हसायची. मी मात्र साडीचं टोक मनगटाला गुंडाळून घ्यायची.

मंग कळलं, एका अंगणवाडीला एकच मदतनीस, आणि खिचडी शिजवायला पलीकडची मदतनीस होतीच. आमची बाई दुसऱ्या गावाला गेली. पोरांना रस्ता ओलांडून न्यायला मी एकटी उरले. दहाच्या आत मोबाईलवर हजेरीचा फोटो टाकायचा, म्हणून मी आधी जाऊन कुलूप काढायला लागले. आयांना सांगितलं, तुम्हीच पोरं आणून सोडा. पण कापूस वेचणीचे दिवस होते. बाया सकाळी सातलाच टेम्पोत बसून जायच्या. रोज एकदोन पोरं कमी व्हायची.

वस्तीतली एक भाभी तर आधीच म्हणाली होती, "ताई, रोड के पार मेरी बच्ची नै आयेगी. तुमीच इकडं बसा ना, पैले जैसे."

"थोडे दिवस, भाभी. बघते मी," मी म्हणाले. काय बघणार होते, मलाच माहीत नव्हतं.

तिची मुलगी चार वर्षांची. एका सकाळी भाभी वेचणीला गेली, घरी म्हातारी सासू झोपलेली. मुलगी खिचडीसाठी रिकामा डबा घेऊन एकटीच निघाली. मी फोटो काढायला दारात आले, तर रस्त्याच्या मधल्या दुभाजकावरच्या कण्हेरीत काहीतरी हललं. अर्धा रस्ता तिनं ओलांडला होता. आता पुढंही जाता येईना, मागंही.

"बस! खाली बस!" मी ओरडले आणि हात खाली-खाली केला. ट्रकांच्या आवाजात तिला काय ऐकू जाणार? तिला वाटलं, ताई बोलावते. ती उठली आणि खाली उतरली.

ब्रेकचा आवाज अजून कानात आहे. ट्रक तिरका झाला, सळया खणखणत पुढं सरकल्या, केबिनची मागची काच फुटली. मुलगी चाकापासून दोन हातांवर उभी होती. डबा हातातून सुटला नव्हता. ड्रायव्हर खाली उतरला आणि रस्त्यावरच बसला. म्हणाला, "पानी दो, बाई." मी मुलीला कडेवर घेतलं आणि त्याला पाणी दिलं.

संध्याकाळी मी भाभीकडं गेले, त्या कागदाचं सांगून टाकलं. तिनं चहा केला. मग इतकंच विचारलं, "हमकू पूछे थे क्या, ताई, कागद लिहिताना?"

मी न्हाई म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीतलं एकही पोर आलं नाही. जुनी खोली परत मागायचा अर्ज मी दिला. उत्तर नाही. दुसरा दिला. मॅडम म्हणाल्या, "आता ते अवघड आहे. नव्या इमारतीत निम्मीच पोरं कशी दाखवणार?"

रोज दुपारी इमारतीला कुलूप लावून मी वस्तीत येते. मशिदीशेजारच्या ओट्यावर तासभर पोरांना बसवते, गाणी म्हणून घेते. हे कुठल्या रजिस्टरात नाही. खाऊ तेवढा पिशवीतून आणते. ती मुलगीही असते, आता सहाव्या वर्षाला लागलेली. चांगली हुशार झाली आहे.

येत्या जूनमध्ये ती पहिलीला जाईल. शाळा पलीकडं आहे.