फितुराची कॅसेट

“ती येणारेय म्हणून तर हीच कॅसेट आणली,” व्हिडिओवाल्या मावशी स्वयंपाकघरात शेजारणीला म्हणाल्या. “खरी गोष्ट आहे म्हणे. देश विकणाऱ्याची.”

मी त्यांच्या दारात चपला काढत होते. ‘ती’ म्हणजे तळमजल्यावरच्या काकू, हे मला नंतर कळलं. काही आठवड्यांपूर्वी साध्या कपड्यांतली माणसं त्यांच्या यजमानांना घेऊन गेली होती. ते खाडीपलीकडे कुठल्याशा सरकारी कचेरीत नकाशांचं काम करत. नकाशे बाहेर दिले, असं लोक बोलायचे. खरं कुणालाच माहीत नव्हतं. वाशीतल्या आमच्या बिल्डिंगमधले निम्मे फ्लॅट तेव्हा रिकामे होते. जिन्यात चप्पल वाजली की वरपर्यंत आवाज घुमायचा. यजमानांना नेलं त्या दिवसापासून काकू गच्चीवर कपडे वाळत घालायला अनवाणी जायच्या. दार उघडावं तर त्या बादली घेऊन समोर, न बोलता.

इंग्रजी सिनेमा असला की मला बोलावणं यायचं. इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. टीव्हीशेजारी भिंतीला पाठ लावून बसायचं आणि पडद्यावरचं मराठीत सांगत जायचं, असं ठरूनच गेलं होतं. एरवी चारचौघांत माझं तोंड उघडत नसे. इथलं बोलणं माझं नसायचं, म्हणून जमायचं.

त्या शनिवारी दुपारी पडदे ओढून घेतले होते. काकू सगळ्यांच्या मागे, दाराशी बसल्या. सिनेमातला माणूस अगदी साधा होता. मुलीचे केस विंचरून द्यायचा, बायकोशी हवापाण्याचं बोलायचा आणि दुपारी कोटाच्या अस्तरात कागद घालून कचेरीबाहेर न्यायचा. मी सांगत होते. माझ्या जागेवरून पडदा तिरका दिसायचा, चेहरे मात्र सरळ. जरा वेळाने लक्षात आलं, टीव्हीकडे कुणी बघतच नाहीये. एकेक मान हळूच मागे वळत होती. तेव्हा स्वयंपाकघरातलं बोलणं मला उमगलं.

पडद्याकडे बघत होत्या त्या फक्त काकू. निळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर हलत होता. अंधाऱ्या खोलीत टीव्ही चालू असला की तो चेहरा मला अजून दिसतो.

सिनेमात पोलीस दाराशी आले. बायको भांडी विसळत राहिली, वळली नाही.

“तिला ठाऊक होतं का गं?” काकूंनी मला विचारलं. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला.

“नसेल कसं?” मावशींनी कॅसेट थांबवली. “एका घरात राहायचं नि म्हणे ठाऊक नाही! आमच्या ह्यांनी लपून विडी ओढली तरी मला कळतं बाई.”

कुणीतरी खुदकन हसलं. काकूंनी उंबरठ्यावर हात टेकला, पण उठल्या नाहीत. उठल्या असत्या तर ‘बघा, झोंबलं’ म्हणायला सगळ्या तयारच होत्या. त्या माझ्याकडेच बघत राहिल्या, जणू उत्तर माझ्यापाशी होतं.

मावशींनी बटण दाबलं. बायको बोलू लागली. तिला ठाऊक होतं की नाही, ते तिच्या पहिल्याच वाक्यात होतं. मला समजलं. त्या खोलीत आणखी कुणालाच समजलं नव्हतं.

“अगं, काय म्हणाली ती?” मावशी पुढे सरकल्या. “सांग की!”

“बंद करा,” मी म्हणाले. “मी पुढचं सांगणार नाही.”