घायपाताचा गोड रस

"भाऊजी, मशीन फुटली." सुमनवहिनींचा फोन होता. मी विचारलं, "गंगाधर कुठाय?" पलीकडून नुसता बायकांचा कालवा ऐकू येत राहिला… वसमतहून त्यांच्या गावाकडे, हट्ट्याकडे जाताना मी स्वतःची समजूत घालत होतो, भाजलं असेल, हाताला लागलं असेल. शेतातल्या आखाड्यावर, त्यांच्या राहत्या घराशी पोचलो, तर माणसं खाली माना घालून उभी होती. मग काही विचारायची गरज उरली नाही.

गंगाधर माझा शाळेपासूनचा दोस्त, सुमनवहिनींचा नवरा. त्याची हळद शिजवायची मशीन होती, एक बॉयलर आणि त्याला जोडलेली दोन लोखंडी पिपं. हंगामात ती ट्रॅक्टरमागे गावोगाव न्यायची, वाफेवर हळद शिजवून द्यायची आणि उरलेलं वर्ष उचापती करायच्या. गेल्या दिवाळीत जावयाने टकिलाची बाटली आणली आणि या गड्याला नवं खूळ मिळालं. दारुडा नव्हता तो, एक पेग त्याला संध्याकाळभर पुरायचा. खरी मजा मिसळण्यात होती. अंबाडीच्या बोंडांचं सरबत, चिंचेचा कोळ, गूळ, ग्लासाच्या काठाला तिखटमीठ… ठेचलेली हिरवी मिरची घातली त्या पेयाचं नाव 'वारंगा फाटा', कारण आमच्याकडच्या त्या फाट्यावर होतं तसं, दोन घोटांनंतर कुठल्या रस्त्याने जायचं तेच कळत नसे. एकदा ओली हळद किसून घातली, आमच्या मिशा पिवळ्या झाल्या, त्याचं नाव 'नवरदेव'. वहिनी हसून हसून बेजार झाल्या होत्या.

मग जावई बोलून गेला की, टकिला आपल्या घायपातासारख्याच झाडापासून करतात. पानं छाटायची, खालचा गड्डा वाफेवर शिजवायचा, गोड रस निघतो. तिथून आमचं हसणं कमी होत गेलं, असं आता वाटतं. "बांधावर कुंपणाला उभं हाये की रे ते! अन् वाफ तर घरचीच!" गंगाधर म्हणाला. त्याला दारू गाळायची नव्हती, पेयात घालायला नुसता रस हवा होता. वहिनींना ते मनातून पटलं नाही. "आख्खा बांध उघडा करून राहिले तुमी, काहून? कडू जहर निघंल ते."

"गोड निघंल. बघच तू."

पानं छाटताना एक काटा त्याच्या तळहातात मोडला, हात टम्म सुजला. चीक लागून अंगभर आग झाली. मला हे काही ठीक दिसेना. तो मात्र सुजल्या हाताने गड्डे फोडत बसला, तोंडभर हसू.

हळद शिजताना पिपाचं झाकण सैल ठेवतात, वर ओलं पोतं टाकतात, वाफ फटींतून निघत राहते. घायपाताला मात्र दिवसभर वाफ लागते. वास वाया जाऊ नये म्हणून त्याने दोन्ही पिपांची झाकणं तारेने आवळली. इतकी वर्षं वाफेजवळ काढलेल्या माणसाने! मला अजून त्याचा राग येतो. वहिनी सांगतात, पीप आतून गुरगुरत होतं, फळीवरची भांडी थरथरायला लागली होती. त्या ओरडल्या, "बंद करा ते!" तो म्हणाला, "झालंच, वास तर घे…" आणि झाकण बघायला वाकला.

राख सावडून आल्यावर वहिनी घरात न शिरता थेट मशीनकडे गेल्या. एक पीप फाटलेलं, दुसरं तसंच बंद. कुणी हात लावायला धजेना, तेव्हा त्यांनी स्वतःच तार तोडली. आत मऊ, तपकिरी गड्डे आणि तळाशी रस. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोड हाये, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता सांगू कोणाला?"

आता हळदीचा हंगाम सुरू झालाय. एक पीप तर चांगलं आहे, म्हणून लोक ते भाड्याने मागायला येतात. गड्डे केव्हाच फेकले, पीप उन्हात कोरडं ठणठणीत पडलंय. वहिनी दारातूनच सांगतात, "पीप रिकामं न्हाई."