उंबराच्या छातीवरचा क्रूस

अंधेरीच्या गावठाणात ईस्ट इंडियन लोकांचा बाटली मसाला विकणारी लूर्डस भांडायला निघाली की कोंबड्यासुद्धा वाट सोडत. तिच्या दारासमोर विहीर, विहिरीवर मोठा उंबर. गावात कुणाचंही लग्न असो, आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत तिथूनच उंबराचं पाणी भरून नेणार, आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालणार. आता लूर्डसच्या लेकीचं, नादियाचं लग्न ठरलं, आणि नेमका शेजारच्या मोकळ्या जागेत टॉवर चढायला लागला.

"झाड ठेवणार ना रे?" तिनं साइटवरच्या सुपरवायझरला, देवेशला विचारलं.

"ठेवायचंय आंटी. पण गेटचा रस्ता तिथूनच जातो. वरून ऑर्डर आली तर मी काय करू?"

लूर्डसनं मग आपलं डोकं चालवलं. शेजारचा डॅरिल गवंडीकाम जाणणारा. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर त्याला धरून तिनं उंबराभोवती, अगदी खोडाला भिडवून, सिमेंटचा जाडजूड ओटा घालून घेतला. वर क्रूस रोवला, झेंडूची माळ चढवली. "आता लावा म्हणावं हात!" आणि खरंच, जेसीबीवाला क्रूस बघून लांबून वळायला लागला. लूर्डस गल्लीभर मिरवली.

ओटा सुकला आणि ठकठक सुरू झाली.

भर दुपारी साइट जेवायला थांबायची, सगळं गप्प व्हायचं, तेव्हा सिमेंटखालून यायची. ठक. मग दम खाऊन पुन्हा, ठक. वाऱ्याचा मागमूस नसताना वरून हिरवीगार पानं सुटायची, एकेक, कुणीतरी बोटांतून सोडल्यासारखी. उंबरं खायला आलेल्या साळुंक्या घिरटी घालून परत जायच्या. लूर्डसचं आगाऊ मांजर, जे पाद्रीबाबांच्या मांडीवरही चढून बसायचं, ते ओट्यावर पाय ठेवेना.

"मम्मी, साइटचाच आवाज बसलाय तुझ्या कानात."

"ये तर. लाव कान."

नादियानं कान लावला आणि झटकन उठली. "आत कोण आहे गं?"

लूर्डसनंही कान लावला. ठोकण्याची ती तऱ्हा तिच्या ओळखीची होती, पण कुणाची ते आठवेना. लग्नासाठी घर आवरताना तिनं कॉस्मसची गोधडी झटकली, आणि हात तिथंच थांबले. तिचा नवरा कॉस्मस दम्यानं गेला. शेवटी शेवटी शब्द फुटायचा नाही, तेव्हा पलंगाच्या फळीवर असंच ठोकायचा. अंगावरचं काढ, खिडकी उघड, म्हणून. आणि लूर्डस बिचारी मायेनं आणखी एक गोधडी चढवायची.

ती तशीच डॅरिलची पहार घेऊन निघाली.

"क्रूस काढतेस? वेडी झालीस काय गो?" डॅरिल धावत आला. "उद्या मशीन आलं तर अडवणार कोण?"

"ते मी बघते. मायेनं छातीवर बसलो आपण त्याच्या. आधी दम घेऊ दे."

क्रूसाचा मुका घेऊन तिनं तो आपल्या दाराशी टेकवला आणि पहार हाणली. पहिली फट पडली तशी आतून गार हवा आली, कुणी कोंडलेला उसासा सोडावा तशी. त्या हवेला निलगिरीच्या तेलाचा वास होता. कॉस्मसच्या छातीला रोज चोळायचं तेच तेल. डॅरिलनं न सांगता छातीवर क्रूसाची खूण केली आणि न सांगताच दुसरी पहार आणली. सिमेंट उचललं तर खाली मुळं वर उठलेली, खालून तळहात रेटून धरावेत तशी चपटलेली.

ठकठक थांबली.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. मोकळ्या केलेल्या मातीशेजारी लूर्डस खुर्ची टाकून मिरच्यांचे देठ काढत बसली होती.

"आंटी, क्रूस कुठाय?" देवेशनं विचारलं.

"घरात. आता मी आहे. उचलून बघ."

देवेशनं तिच्याकडे पाहिलं, मग मिरच्यांकडे. लूर्डस रोज बसली. शेवटी कंटाळून त्यांनी गेटचा रस्ताच वाकवला आणि साइटच्या कुंपणाचे पत्रे मागे सरकवले. उंबराला तांबूस पालवी आली.

लग्नाच्या सकाळी लूर्डसनं नादियाच्या डोक्यावर उंबराच्या पाण्याचा पहिला तांब्या ओतला. पोरगी शहारली.

"मम्मी, पाण्याला पप्पांच्या तेलाचा वास येतोय."

"मग?" लूर्डसनं दुसरा तांब्या भरला. "लेकीच्या लग्नाला यायचं नाही काय त्यांनी?"