केराबाईनं बांधलेली तार

केराबाईला सापडलेली दोरी, चिंधी, तार, काही म्हणता काही टाकवत नाही. मंगळवेढ्याजवळच्या माझ्या रानात ज्वारी निघाली की दर वर्षी ती मेंढरं बसवते. रानाला खत मिळतं, तिला ज्वारी. मेंढरांभोवतीच्या जाळ्याला वाघर म्हणतात. हिच्या वाघरीला इतक्या गाठी, की मूळचं जाळं शोधावं लागेल. नवरा गेल्यावर कळप विकायला दीर टपून बसले होते. हिनं विकला नाही. विंचू चपलेनं मारून तीच चप्पल पायात घालणारी बाई ही. ती घाबरलेली मी एकदाच पाहिली.

रानात तेल-वायूचा सर्व्हे चालू होता. बारीक बोअर पाडून त्यात छोटा स्फोट करायचा, खालच्या थरांवर आपटून परत येणारे हादरे यंत्रांनी टिपायचे. त्यावरून काळ्या पाषाणाखाली वाळूचे जुने थर कसे पसरलेत, वायू साठेल अशी जागा कुठं, याचा नकाशा निघतो. एका बोअरमध्ये स्फोटाची दारू भरून माणसं पुढं गेली. राखणदार पाणी प्यायला हलला आणि नेमकी केराबाई आली. बोअरशी खुणेची काठी, काठीला दारूतून वर आलेली लाल-पिवळी तार. मग काय! काठीला वाघर बांधली, कोकरू बांधलं, पिशवी अडकवली, आणि तारेचा पीळ उलगडून सुट्या टोकांनी वाघर शिवली. मी नुकतीच बांधावर पोचले होते; ती बाहेर येऊन माझ्याशी बोलत बसली.

स्फोट करणारा नवनाथ, जेऊरचा, परत आला आणि जागीच थांबला.

"मावशी, फोन कुठाय तुमचा?"

"पिशवीत की."

त्याचा चेहरा उतरला. तारेची टोकं सुटी असली की जवळ मोबाईल नको, हे त्यानं मला सकाळीच बजावलं होतं. माझा फोन रस्त्यावरच्या गाडीत होता.

"कुणी फोन करतं का? त्यानं खालची दारू उडू शकते!"

"लेक करती की. मैंदर्गीची. आत्ताच करंल."

नवनाथ काठीकडे निघाला तशी मेंढरं बुजली. कोकरू ओढू लागलं, काठी हलली.

"तुमी नगा जाऊ," केराबाई म्हणाली. "वळखीचं न्हाय त्यास्नी. मी जाते."

"मावशी, नको!"

ती निघालीसुद्धा. मी गाडीकडे पळाले आणि आत्ता आईला फोन करू नको हे सांगायला तिच्या लेकीला, प्रियंकाला, फोन लावला. दुसऱ्या कॉलवर व्यस्त! कुणाला लावतेय ही? आईलाच की काय?

केराबाई तोंडानं हर्र हर्र करत मेंढरांतून गेली. काठीवरची पिशवी अलगद काढली, कोकरू सोडून बगलेत मारलं आणि आली. सापाला धरावं तशी पिशवी लांब धरलेली. माझ्यापाशी रस्त्यावर पोचली आणि फोन वाजला. वाजतच राहिला. कुणी उचलेना.

तिकडे नवनाथनं वाघरीतून तार सोडवून टोकांना पुन्हा पीळ दिला. परत आला तो घामानं भिजलेला.

"काठी कुणाची, एवढं तरी विचारायचं, मावशी!"

"रानात काठी कुणाची आसती व्हय?" म्हणाली आणि मटकन बसली. "बाई, लई भ्याले म्या."

"तार दिसली की बांधायलाच पाहिजे का तुला?" मी ओरडले. भीतीनं ओरडले, दुसरं काय.

फोन परत वाजला. तिनं तो माझ्याकडे सरकवला. माझा 'हॅलो' ऐकून प्रियंका म्हणाली,

"मावशी, आई कुटं हाय? उचलंना का? जीव लागंना माजा."

"हितंच हाय गं," मी म्हणाले. आयुष्यात मी केराबाईच्या बोलीत बोलले नव्हते.